फास्टर दॅन द स्पीड ऑफ नाइट: गाठी पडलेल्या आवाजाची नऊ गाणी

गेल्या ऑक्टोबरात माझा आवाज गेला. एका दिवसात नाही गेला. आधी तिसऱ्या तासाला बसायला लागला, मग पहिल्याच तासाला, आणि शेवटी हजेरी घेताना नावाचं पहिलं अक्षर नुसतं हवेचं यायला लागलं. मी वेल्समधल्या स्वॉन्झीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सोळा वर्षं रोज चार-पाच तास तीस मुलांच्या वर आवाज चढवून बोलल्यावर जे व्हायचं ते झालं. नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं तेव्हा दोन्ही स्वरतंतूंवर अगदी समोरासमोर दोन गाठी दिसल्या. शस्त्रक्रियेचं नंतर बघू, आधी बोलणं बंद आणि मग आवाजाचे व्यायाम, असं ठरलं.

स्पीच थेरपिस्टकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी पाटी-पेन घेऊनच बसले होते. सगळं समजावून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत." मी पाटीवर लिहिलं, कुठला? ती म्हणाली, "इथले बहुतेक सगळे विचारतात. माझा आवाज बॉनी टायलरसारखा होईल का? निम्मे घाबरून विचारतात, निम्मे आशेनं."

बॉनी टायलर ही खरखरीत आवाजाची रॉक गायिका, याच भागातली. स्वॉन्झी आणि नीथ यांच्या मधे स्क्युएन नावाचं गाव आहे, स्टेशनच्या पाटीवर त्याचं वेल्श स्पेलिंगही लिहिलेलं असतं. तिथे 8 जून 1951 रोजी ती जन्मली, एका कोळसा खाणकामगाराच्या घरात, गेनर हॉपकिन्स या नावानं. मी त्या स्टेशनावरून शेकडो वेळा गेले आहे. तिचं एकच गाणं मला माहीत होतं, तेही शाळेच्या ख्रिसमस पार्टीतलं. 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट' लागलं की इथले शिक्षक, शिक्षिका, ऑफिसातली माणसं, सगळी एकदम दोन गटांत विभागली जातात. बायका तिचा भाग म्हणतात आणि पुरुष मागून येणारा तो 'टर्न अराउंड'वाला भाग. कोणी शिकवलेलं नसतं, पण चुकत कोणीच नाही. मी तेव्हा टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, केवढा आरडाओरडा.

थेरपिस्टकडून घरी येताना एका जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात शिरले. तबकड्यांच्या खोक्यात तिची 1983 ची 'फास्टर दॅन द स्पीड ऑफ नाइट' सापडली, तीन पाउंडांना. पाकिटाचे कोपरे झिजलेले, आतल्या कागदी पिशवीवर कोणीतरी निळ्या बॉलपेननं दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यापुढे बरोबरची खूण केलेली. त्या खुणेकडे पुढे येईन. सहा आठवडे मला बोलायला परवानगी नव्हती, ऐकायला होती. त्या सहा आठवड्यांत ही तबकडी किती वेळा फिरली ते मोजलं नाही. हे परीक्षण त्यातून आलं आहे.

आधी आवाजाचं सांगते, कारण या तबकडीचा सगळा पाया तोच आहे. 1976 मध्ये 'लॉस्ट इन फ्रान्स' गाजलं, त्या सुमारास तिच्या घशात गाठी झाल्या आणि त्या काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी सहा आठवडे न बोलण्याची ताकीद दिली होती. एके दिवशी तिला ते सहन झालं नाही आणि ती वैतागून किंचाळली. झालं. त्यानंतर आवाजात जी खरखर आली ती कायमची. तिला वाटलं आपलं गाणं संपलं. मग 1977 मध्ये त्याच आवाजात 'इट्स अ हार्टेक' आलं आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पहिल्या पाचांत जाऊन बसलं. माझी पाटी मांडीवर असताना मी हे वाचलं. तिलाही सहा आठवडे, मलाही सहा आठवडे. मी किंचाळले नाही, पण तिसऱ्या आठवड्यात, मुलगी ऐकतच नव्हती तेव्हा, फार जवळ गेले होते.

मी मिरजेची. आमच्याकडे तंबोरे बनतात, आणि तंबोरा बनवणाऱ्याचं शेवटचं, सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी काढणं. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत अशी एक जागा शोधायची, जिथे तार नुसती वाजत नाही, झणझणते. जवारी नसलेली तार सुरात असते, पण मुकी असते. लहानपणी मला गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या दृष्टीनं मात्र गळ्यातली खरखर हा दोषच होता. आवाज निकोप हवा, गोल हवा, षड्ज लावला की त्याला कुठे चीर दिसता कामा नये. चाळीस वर्षं मी त्याच कानांनी ऐकत आले. या तबकडीनं माझा हा कान बदलला, म्हणून ती माझ्यासाठी मोलाची.

आता तबकडी बनली कशी ते. 1981 मध्ये तिचा आधीच्या कंपनीशी करार संपला होता. कंट्रीच्या अंगानं जाणारी गाणी तिला पुरे झाली होती, रॉक करायचं होतं. टीव्हीवर तिनं मीट लोफ या अमेरिकी रॉक गायकाला 'बॅट आउट ऑफ हेल' गाताना पाहिलं होतं, आणि ती गाणी लिहिणारा जिम स्टाइनमनच आपल्याला निर्माता म्हणून हवा असा हट्ट नव्या कंपनीपाशी, सीबीएसपाशी, धरला. खाणकामगाराच्या मुलीनं, चार वर्षांत मोठं गाणं न दिलेल्या गायिकेनं, त्या वेळच्या सगळ्यात खर्चिक, सगळ्यात अवाढव्य संगीत करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं! तो लगेच तयार झाला नाही. पुढे त्यानं तिला न्यूयॉर्कला आपल्या घरी बोलावलं आणि दोन गाणी ऐकवली. एक क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचं 'हॅव यू एव्हर सीन द रेन', दुसरं ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडचं 'गोइंग थ्रू द मोशन्स'. तिला दोन्ही आवडली. आवडली नसती तर त्यानं हा नाद सोडून दिला असता, असं तिनंच नंतर सांगितलं आहे.

ही दोन्ही गाणी तबकडीवर आहेत. म्हणजे इथली ही परक्या घरची गाणी भरताड म्हणून आलेली नाहीत, ती प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका आहेत. एकूण नऊ गाण्यांतली स्टाइनमननं स्वतः लिहिलेली दोनच. उरलेली सात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली. ही तबकडी त्याचीच आहे, ती फक्त गळा आहे, असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावासा वाटतो. दोन गाण्यांचा लेखक तो असेल, नऊच्या नऊ गाण्यांची मालकीण तीच आहे.

पहिली बाजू 'हॅव यू एव्हर सीन द रेन'नं उघडते. क्रीडन्सच्या जॉन फोगर्टीचं मूळ गाणं 1970 च्या शेवटी आलेलं, पावणेतीन मिनिटांच्या आत संपणारं. त्यात तो अंगणात उभा राहून आभाळाकडे बघत गातो आहे असं वाटतं. दुःख आहे, पण हातभर अंतरावर. इथे गाणं चार मिनिटांवर गेलं आहे, ढोल मोठे झाले आहेत, पियानो पुढे आला आहे. आणि ती आभाळाकडे बघत नाही, भिजते. उन्हात पडणाऱ्या पावसाचा प्रश्न फोगर्टी विचारतो तेव्हा त्याला उत्तर ठाऊक असतं. ती विचारते तेव्हा खरंच विचारते. मला मूळ गाणंही फार आवडतं, आणि दोन्ही लागोपाठ ऐकून बघा असंच मी म्हणेन. दुसऱ्याचं गाणं गायचं म्हणजे काय याचा वस्तुपाठ आहे तो. चाल तीच, शब्द तेच, पण बोलणारं माणूस बदललेलं आहे.

मग शीर्षकगीत. साडेसहा मिनिटांहून लांब, आणि सुरुवातीपासून पियानो असा सुटतो की मी पहिल्यांदा सुई उचलून तबकडीचा वेग तपासला. वाद्यवृंदात रॉय बिटन आणि मॅक्स वाइनबर्ग आहेत, दोघे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचे आणि 'बॅट आउट ऑफ हेल'वरही वाजवलेले. गिटारवर रिक डेरिंजर. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन या स्टुडिओत हे मुद्रण झालं. जुन्या वीजकंपनीच्या इमारतीत उभा राहिलेला स्टुडिओ, आणि तिथल्या मोठ्या खोलीतला घुमारा ढोलांच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येतो. इतक्या सगळ्या गदारोळात गायिका बुडायला हवी. ती बुडत नाही, आणि का बुडत नाही हे समजायला मला दहा-बारा वेळा ऐकावं लागलं. पियानो, गिटार, ढोल, मागचे गायक, सगळ्यांनी आपापल्या जागा अडवल्या आहेत. गोल, निकोप आवाज त्या गर्दीत कुणाच्या तरी पाठीमागे गेला असता. तिच्या आवाजातली खरखर हीच तिची रिकामी राहिलेली जागा. त्या पट्ट्यात दुसरं कोणीच नाही. तंबोऱ्याची जवारी जशी मैफलीतल्या सगळ्या वाद्यांच्या मधून शेवटच्या रांगेपर्यंत जाते, तशी ती खरखर थेट पोचते. स्टाइनमनला हे पहिल्या ऐकण्यातच कळलं असणार. त्याच्या वादळाला असाच आवाज हवा होता, आणि त्या आवाजालाही इतकं मोठं वादळ हवं होतं. हलक्या साथीत तो नुसता घोगरा वाटला असता.

तिसरं 'गेटिंग सो एक्सायटेड' मी पुष्कळदा ओलांडून पुढे जाते. त्या वर्षांतला सिंथेसायझरचा चकचकाट त्यात आहे, ताल पाय हलवायला लावतो, पण तिच्या गळ्याला त्यात काही काम नाही.

आणि चौथं, बाजूच्या शेवटचं, 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट'. रेडिओवर जे लागतं ते साधारण साडेचार मिनिटांचं कापलेलं. तबकडीवर हे जवळजवळ सात मिनिटं चालतं, आणि ज्यांनी फक्त कापलेलं ऐकलं आहे त्यांनी गाणं ऐकलेलंच नाही असं मी ठामपणे म्हणेन. सुरुवातीला फक्त पियानोचे थोडे सुटे सूर. मग रॉरी डॉडचा स्वच्छ, उंच आवाज तिला वळून बघायला सांगतो, आणि ती खालून, जवळजवळ बोलल्यासारखी उत्तर देते. हा पुरुष आवाज निकोप आहे आणि बाईचा आवाज फाटलेला, ही उलटापालटच मुळात विलक्षण आहे. तो जणू तिच्या आतला जुना, न दुखावलेला आवाज आहे आणि तिला हाका मारतो आहे. हे कोणी कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पण सहा आठवडे मुकी बसून ऐकलं तेव्हा मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

दुसरी गोष्ट सुरांची. आमचं शिक्षण एका षड्जाचं. एकदा तंबोरा लागला की घर ठरलं, कितीही लांब गेलात तरी परत तिथेच यायचं. या गाण्यात कडव्याच्या मधोमध षड्जच सरकतो. एक ओळ म्हणून होते, आणि तीच ओळ पुढच्या वेळी वेगळ्या जमिनीवर उभी असते, मग पुन्हा तिसऱ्या. पाय टेकवावा तर पायरी हललेली. पहिल्यांदा मला हे चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, गाणं ज्या अवस्थेबद्दल आहे ती अवस्था सुरांतच बांधली आहे. शेवटी मोठ्या ध्रुवपदावर येऊन जमीन सापडते तेव्हा इतका दिलासा मिळतो की ख्रिसमस पार्टीत सगळे तिथे हात वर का करतात ते आता मला कळतं. मी त्याला आरडाओरडा म्हणत होते. तो उजेडात आल्याचा आवाज आहे.

मधल्या वाद्यांच्या भागात मेघगर्जनेसारखे स्फोट आहेत. ते रेडिओच्या आवृत्तीत हरवतात. ते जरूर ऐका, तेही मोठ्या आवाजात. स्टाइनमनच्या मनात हे गाणं पिशाच्चांच्या प्रेमाचं होतं, नोस्फेराटू या व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चाच्या, कथेवर तो संगीतिका करू पाहत होता. पुढे 1997 मध्ये व्हिएन्नाच्या रंगभूमीवर आलेल्या त्याच्या व्हॅम्पायर संगीतिकेत हीच चाल पुन्हा वापरली गेली. हे कळल्यावर त्या गर्जनेचा अर्थ लागतो. पण ती गाते तेव्हा पिशाच्च वगैरे काही उरत नाही. स्क्युएनच्या रांगेतल्या कुठल्याही घरातली, मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात एकटी उभी असलेली बाई उरते.

हे गाणं मार्च 1983 मध्ये ब्रिटनमध्ये मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'ला खाली उतरवून पहिलं झालं. एप्रिलमध्ये अल्बम थेट पहिल्या क्रमांकावरच दाखल झाला.  तिच्या आधी तिथे पिंक फ्लॉइड होते आणि आठवड्याभरात डेव्हिड बोवीनं 'लेट्स डान्स' घेऊन जागा घेतली, म्हणजे या दोन डोंगरांच्या मधला एक आठवडा स्क्युएनच्या बाईचा. ऑक्टोबरात अमेरिकेत 'टोटल एक्लिप्स' चार आठवडे पहिलं होतं, आणि त्याच काळात दुसऱ्या क्रमांकावर एअर सप्लायचं गाणं होतं, तेही स्टाइनमननंच लिहिलेलं. अल्बम तिथे चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. ग्रॅमीसाठी तिला दोन नामांकनं मिळाली, पॉपमध्ये या गाण्यासाठी आणि रॉकमध्ये अल्बमसाठी. मिळालं एकही नाही, पण एकाच वर्षी दोन्ही दालनांत तिचं नाव होतं, आणि 1981 मध्ये तिच्याकडून एवढी अपेक्षा कुणाची होती?

दुसरी बाजू पहिलीच्या तोडीची नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण गाणं डोक्यात घेऊन अल्बम विकत घेणाऱ्याची इथे निराशा होऊ शकते. 'इट्स अ जंगल आउट देअर'पाशी ऊर्जा आहे पण गाणं पातळ आहे. स्टाइनमननं त्याला सजवून उभं केलं आहे, आत मात्र फारसं काही नाही. 'टेक मी बॅक' बरं आहे, तिचा गळा त्यात छान तापतो, पण पाच मिनिटं ते पेलत नाही. साडेतीनला थांबलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

'गोइंग थ्रू द मोशन्स' मात्र त्या प्रश्नपत्रिकेतलं दुसरं उत्तर, आणि तेही पूर्ण गुणांचं. एरिक ब्लूम आणि इअन हंटर यांनी लिहिलेलं हे गाणं ब्लू ऑयस्टर कल्टच्या 1977 च्या अल्बमवर हलकंफुलकं वाजतं, मान डोलवत ऐकावं असं. मन उडून गेल्यावरही प्रेमाच्या सगळ्या हालचाली करत राहणारी माणसं त्यात आहेत. मूळ गाणारे त्याकडे खांदे उडवून बघतात. स्टाइनमननं ते सहा मिनिटांचं केलं, आणि तिनं त्यातली कीव काढून टाकून राग भरला. करायचं म्हणून करणाऱ्या माणसाविषयीचं गाणं ती एक अक्षरही करायचं म्हणून गात नाही. हे ऐकताना मला माझे शेवटच्या महिन्यातले तास आठवले, तोंडानं त्रिकोणमिती चालू आणि लक्ष सगळं घशाकडे.

आता ती निळी खूण. 'टिअर्स'. फ्रँकी मिलरचं गाणं, आणि तो स्वतः इथे तिच्याबरोबर गातो. मिलर ग्लासगोचा, त्याचाही आवाज भरड, सोल संगीतात मुरलेला. एक वेल्श, एक स्कॉटिश, दोघांच्या गळ्यात वाळू. सहसा युगलगीतात एक आवाज दुसऱ्याला उठाव देतो, एक गुळगुळीत तर दुसरा खडबडीत. इथे दोन्ही कापडं एकाच मागावरची. दोघे एकत्र येतात तेव्हा कुठला धागा कुणाचा ते दोन-तीन ठिकाणी मला अजूनही सांगता येत नाही. स्टाइनमनचं वादळही इथे मागे सरकतं, हा त्याचा मोठेपणा. सगळ्या तबकडीवर हे गाणं मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. 1994 मध्ये मिलरला मेंदूतला रक्तस्राव झाला आणि त्याचं गाणं थांबलं. ते माहीत झाल्यापासून हे चार-साडेचार मिनिटांचं मुद्रण ऐकताना मी दुसरं काम हातात घेत नाही. त्या बॉलपेनच्या मालकाला किंवा मालकिणीला भेटता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचं 'स्ट्रेट फ्रॉम द हार्ट' ब्रायन अ‍ॅडम्सचं, एरिक काग्नाबरोबर लिहिलेलं. त्याच वर्षी अ‍ॅडम्सची स्वतःची आवृत्ती अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. त्याच्या आवाजातही खरखर आहेच, पण ती तरुण खरखर आहे, जोरात धावून आल्यावरची. तिची खरखर पायी चालत आलेल्या माणसाची आहे. इतक्या गडगडाटानंतर अल्बम एका साध्या विनवणीवर थांबतो, आणि सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहते. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. दोष काढायचाच तर एवढाच की शीर्षकगीत आणि 'हॅव यू एव्हर सीन द रेन' ही दोन्ही वेगळी तबकडी म्हणून इथे पहिल्या चाळीसांतही पोचली नाहीत, आणि त्यामुळे लोकांच्या मनात हा अल्बम म्हणजे एका गाण्याभोवतीचं वेष्टण होऊन बसला आहे. तो तसा नाही. नऊपैकी सहा गाणी मी पुन्हा पुन्हा लावते.

पुढे 1986 मध्ये याच जोडीनं आणखी एक अल्बम केला, त्यात 'होल्डिंग आउट फॉर अ हिरो' आहे. तोही ऐकला, चांगला आहे, पण तिथे दोघांनाही ठाऊक आहे की हे जमतं. इथे माहीत नव्हतं. ती सगळं पणाला लावून गाते आहे हे प्रत्येक गाण्यात कळतं. 2017 च्या ऑगस्टात अमेरिकेत खग्रास ग्रहण लागलं तेव्हा तिला जहाजावर बोलावून हेच गाणं गायला लावलं होतं. सहासष्टाव्या वर्षीही तिला ते गाता आलं, हे माझ्या थेरपिस्टला खास सांगितलं. तिला अर्थातच माहीत होतं.

कुठली प्रत घ्यावी असं विचाराल तर जुनी तबकडीच घ्या. या गाण्याच्या लाखो प्रती खपल्या आहेत, त्यामुळे इथल्या धर्मादाय दुकानांत ती सहज आणि स्वस्त मिळते. फक्त पहिल्या बाजूचा शेवट उजेडात धरून बघा. 'टोटल एक्लिप्स' बाजूच्या सगळ्यात आतल्या खाचांत आहे आणि लोकांनी ते इतकं झिजवलेलं असतं की मोठ्या ध्रुवपदात आवाज फाटतो, आणि ते फाटणं तिचं नसतं. माझ्या प्रतीत एका ठिकाणी सुई किंचित उडते, पण मी प्रत बदललेली नाही. मोबाइलवर ऐकणार असाल तर सात मिनिटांची आवृत्तीच निवडा.

आणि गळ्याचा धंदा असणाऱ्यांना एक विनंती. तिच्याबरोबर गाताना तिची खरखर आणायचा प्रयत्न करू नका. ती दुखापतीतून आलेली आहे, आणि घसा आवळून तिची नक्कल केली तर तुमच्या वाट्याला नुसती दुखापतच येईल. माझ्या थेरपिस्टनं पहिल्या दिवशीच हे बजावलं. क्षयानं फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी आपलं गाणं नव्यानं घडवलं. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांत गायला सुरुवात केली, पण त्या तुकड्यांमागचा श्वास कुठून आणणार?

जानेवारीपासून मी पुन्हा शाळेत जाते आहे. कॉलरला छोटा माइक लावून शिकवते. गाठी लहान झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. दिवसातून तीनदा पाण्यात नळी बुडवून त्यातून हुंकार काढायचा, मग खालून वर सूर सरकवत न्यायचा, असा व्यायाम आहे. माझा आवाज बॉनी टायलरसारखा झालेला नाही, पूर्वीसारखाही राहिलेला नाही. मंद्र पंचमापासून मध्यातल्या धैवतापर्यंत नीट जातो, निषादाला चीर पडते. पूर्वी ती चीर लपवायला मी सूर सोडून द्यायचे.

कालपर्यंत नुसतं ऐकत होते. उद्या शनिवार आहे, घरात कोणी नसेल. 'टिअर्स'मधला तिचा भाग पट्टी दोन सूर खाली घेऊन म्हणून बघणार आहे. निषाद एकदाच लागतो.